रिटचिंग

अब्बांच्या हातात टू-एचची पेन्सिल असायची,
पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं टोक काढलेली.
जालना, जुन्या मोंढ्यामागची गल्ली, नूर फोटो स्टुडिओ.
तिरक्या काचेवर निगेटिव्ह, खालून आरसा उजेड फेकायचा
आणि अब्बा एकेका गालावर वाकायचे,
घड्याळजी वाकतो तसे.

स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या पोरी,
नोकरीच्या फॉर्मवाले, जिनिंगचे मुनीम, बियाणे कंपनीतले साहेब,
सगळ्यांना हवं असायचं एकच.
"जरा साफ काढा," एवढंच म्हणायचे.

तेव्हा मला कळलं नव्हतं:
गोरं करायचं तर निगेटिव्हवर
काळंच लावावं लागतं.
शिसं जिथं साचेल, तिथं कागदावर चेहरा उजळतो.
चाळीस वर्षं माझ्या काळ्या बापानं
आपला रंग थोडा थोडा
गावाला वाटला.

आम्ही सिद्दी.
हजेरी घेताना बाई माझ्या नावाशी अडायच्या.
"जुवेरिया, मूळच्या कुठल्या गं तुम्ही?"
इथल्याच, बाई.
"तसं नाही. मूळच्या?"
मूळच्या मोंढ्यामागच्या.
वर्ग हसायचा. मीही हसायचे,
मग माझे दात बघून पुन्हा हसायचा वर्ग.

पुढं चांगली माणसंही भेटली.
ती काळी म्हणायची नाहीत, सावळी म्हणायची.
एकानं मला काळ्या मातीची उपमा दिली,
एकानं लेण्यातल्या राणीची. दोघंही मनापासून बोलले.
पण मातीला स्थळं नाकारत नाहीत,
आणि राणीला कुणी रिक्षात बसताना
"तुम्ही आफ्रिकेच्या का?" विचारत नाही.

ट्यूबमधला काळा मी वापरत नाही, तो मेलेला असतो.
जळका तांबडा घेते, गडद निळा घेते,
वांग्याच्या देठापाशी असतं ते जांभळं,
आणि वाट बघते.

होस्टेलच्या स्वयंपाकीण कौतिकाबाई समोर बसल्या.
"माझं काय काढायलीस माय, नुसता अंधार यील."
तीन दुपारी बसल्या.
कानामागं तेलाची निळसर झाक,
कोपरावर राख,
तळहाताच्या रेघांत मुरलेली हळद,
पापणीखाली एक तांबूस ओल, तिला नाव नाही.
अंधार शोधला. सापडला नाही.
चित्र झालं तेव्हा त्या जवळ गेल्या, लांब गेल्या,
परक्या बाईसमोर सावरतात तसा पदर सावरला.
"कोण हाय ही? लई बघायली माझ्याकडं."

स्टुडिओ विकला त्या आठवड्यात पत्र्याच्या पेटीत
माझी निगेटिव्ह सापडली, सहा वर्षांची मी.
पांढरी पोरगी, काळे दात,
आणि दोन्ही गालांवर शिशाची जाळी.
माझ्यावरसुद्धा, अब्बा?
दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी भिंग लावून रेघा बघितल्या.
इतक्या बारीक, इतक्या सावकाश ओढलेल्या,
कुठंच टोक रुतलेलं नव्हतं.

आता माझंच चित्र लावलंय घोडीवर.
उघडी मान, आखूड कुरळे केस,
नाक आहे तेवढंच रुंद.
मोतीबिंदू काढलेला डोळा मिचकावत अब्बा आले,
हातात बशी, बशीत चहा.
किती तरी वेळ वाकून उभे राहिले,
चहा पायावर ठिबकला तरी.
मग सवयीनं खिशातली पेन्सिल काढली,
चित्राला न टेकवता, हवेतच धरून म्हणाले:

"इथं, कपाळावर, उजेड जास्त झालाय.
एवढा नाहीये तुझा."